संयुक्त राष्ट्रसंघ, तालुका आमगाव

१९३० साली आमगावात जन्मलेला माणूस ओसरीवरून न उठता बराच प्रवास करून गेला. जन्मला तेव्हा तो मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० साली मध्य प्रदेशात गेला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नागपूर त्याची राजधानी होती, ती गेली. भंडारा त्याचा जिल्हा होता, तोही १ मे १९९९ रोजी सुटला आणि गोंदिया जिल्हा झाला. जरा स्थिरस्थावर होतोय तोच दीड वर्षात पलीकडच्या घरात वाटणी झाली आणि १ नोव्हेंबर २००० पासून पूर्वेला छत्तीसगड नावाचा नवा शेजारी आला. यातल्या एकाही प्रवासाचं त्याला तिकीट काढावं लागलं नाही. कुणी त्याला विचारलंही नाही म्हणा.

असे एक आजोबा आमच्या घरात होऊन गेले. त्यांच्या नातीने, म्हणजे माझ्या पुतणीने, बारावीनंतर जाहीर केलं की ती आंतरराष्ट्रीय संबंध आणि अर्थशास्त्र असे दोन विषय घेऊन जॉइंट ऑनर्स करणार. म्हणजे पदवी एक, विषय दोन, दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. परगावच्या विद्यापीठात प्रवेशही मिळाला होता.

पहिला आक्षेप मोठ्या बाबांचा. मोठे बाबा म्हणजे माझे थोरले भाऊ, घरातले सर्वोच्च न्यायालय.

“एकात पास आन् दुसऱ्यात नापास झाली तं?”

“तं मोठे बाबा, नापासच.”

“मंग एकच घे ना. नापास व्हाचा धोका निम्मा होते.”

अर्थशास्त्राच्या पहिल्या सत्रात धोक्याची विभागणी हे प्रकरण असतं म्हणे. मोठ्या बाबांनी ते प्रवेशाच्या आधीच निकालात काढलं.

आजीचा आक्षेप मात्र सैद्धांतिक होता. हे शिकून पुढे काय होतं, असं तिने विचारलं, तेव्हा पोरगी ऐटीत म्हणाली, “राजदूत होता येते, आजी. दोन देशांत भांडण झालं की मधात जाऊन बोलणी करायची.” आजीने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. “अंगद गेला होता लंकेत बोलाले. का झालं? युद्ध. किसनदेव गेला होता हस्तिनापुराले. का झालं? युद्ध. दूत गेला का युद्ध होतेच बाई. तू कायले जातेस?” यावर पुतणीकडे उत्तर नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडेही ते आहे असं वर्तमानपत्र वाचून वाटत नाही.

शेवटी कोंडी फुटली ती एका वाक्याने. कोणीतरी म्हणालं, “यूपीएससीले कामात येते म्हणते.” आणि सगळ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्याकडे कोणत्याही पदवीचा दुसरा विषय स्पर्धा परीक्षा हाच असतो. पोरगा संस्कृत घेवो की मत्स्यशास्त्र, ते यूपीएससीला चालतं एवढं कळलं की घरदार निवांत होतं. ती पोरगी परीक्षेला बसणार आहे की नाही हे अजून कुणी विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही. मुत्सद्देगिरीचा तिचा अभ्यास इथूनच सुरू झाला असं मी मानतो.

खरं म्हणजे दोन विषयांना घाबरण्याचं आमच्या जिल्ह्यात कारणच नाही. एका विषयावर इथे कुणाचं भागलंय? प्राथमिक शाळेचे गुरुजी विम्याचे हप्ते गोळा करतात आणि सुट्टीच्या दिवशी धानाला पाणी लावतात. मंडप डेकोरेशनवाला लग्नाचा हंगाम संपला की मळणी यंत्र बाहेर काढतो. मी स्वतः पोस्टात नोकरी केली आणि रात्री दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, हार्मोनियम वाजवली. दोन्हीकडे वेळेवर न पोहोचण्याची ख्याती मिळवली. गावात एकच माणूस निव्वळ एका विषयाचा आहे. तो दिवसभर पारावर बसून देशाचं परराष्ट्र धोरण ठरवतो.

पुतणीने हा विषय मुळात कुठे जन्मला तेही सांगितलं, आणि तिथे माझे कान टवकारले. मला वाटलं होतं लंडन, पॅरिस, निदान दिल्ली. तर नाही. १९१९ साली वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावातल्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन निघालं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, त्या कॉलेजची कितीतरी पोरं त्यात मेली होती. डेव्हिड डेव्हिस या तिथल्या श्रीमंत गृहस्थाने आपल्या बहिणींसह पैसे दिले आणि अध्यासनाला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचं नाव दिलं. पुन्हा युद्ध होऊ नये म्हणून लोकांनी हा विषय शिकावा, असा हेतू. वीस वर्षांनी, दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच साली, त्या अध्यासनावरच्या ई. एच. कार या प्राध्यापकाने ग्रंथ लिहिला, की नुसत्या सदिच्छेवर विसंबणाऱ्यांचं कुठे चुकतं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी तेच म्हटलं होतं.”

डेव्हिस घराण्याचा पैसा त्या डेव्हिडच्या आजोबांनी कोळशाच्या खाणी आणि रेल्वेतून मिळवलेला. म्हणजे हा विषय उभा राहायला काय लागतं? आडबाजूचं गाव, कोळसा आणि रेल्वे. आमच्या तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र आहे. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन आहे. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस सगळा महाराष्ट्र आडवा कापून आमच्याकडे येऊन थांबते, कारण पुढे महाराष्ट्र फारसा उरतच नाही. आमच्याकडे फक्त समुद्र कमी पडला.

तर दिवाळीच्या सुट्टीत ही पोरगी प्रकल्प घेऊन आली. सरांनी सांगितलं होतं, एखाद्या सीमेचा प्रत्यक्ष अभ्यास करा. वर्गातली एक मुलगी वाघ्याला गेली, एकजण सिक्कीमला. आमच्या पोरीच्या मनात युक्रेन होतं, पण मोठ्या बाबांनी दिलेल्या पैशांत ती देवरीपर्यंतच पोहोचू शकत होती.

देवरीहून रायपूरच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो. तिथे ना काटेरी तार ना संध्याकाळचं संचलन. पण धानाच्या खरेदीचा हंगाम आला की ही सीमा जागी होते. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. छत्तीसगड सरकार आपल्या शेतकऱ्याला देत होतं ३,१००. महाराष्ट्राचा बोनस क्विंटलवर नव्हता, हेक्टरवर होता: हेक्टरी २० हजार, तोही दोन हेक्टरपर्यंत. धान तेच, पाऊस तोच, तुडतुडा ही कीडही तीच, आणि भावात ८०० रुपयांची दरी. दरी दिसली की धान उताराच्या दिशेने वाहणारच. म्हणून छत्तीसगड सरकार हंगामात सीमेवर नाके बसवतं, बाहेरचं धान आत येऊ नये म्हणून.

पुतणी वही घेऊन तिकडे गेली आणि सैद्धांतिक पेचात सापडली. तिच्या पुस्तकात दोन पंथ आहेत. वास्तववादी म्हणतात, प्रत्येक राज्य आपापला स्वार्थ बघतं, बाकी सगळी भाषणं. उदारमतवादी म्हणतात, व्यापार वाढला की वैर कमी होतं. इथे व्यापार वाढला की नाके वाढतात. त्यात सीमेच्या दोन्ही अंगांना शेती असलेला, एकाच घरात दोन मतदार याद्या नांदवणारा इसम कोणत्या पंथात बसवायचा, हे पुस्तकात नाही. तिने चहाच्या टपरीवर एका गृहस्थाला विचारलं, “तुमची निष्ठा कोणत्या राज्याशी आहे?” तो म्हणाला, “खरेदी कवा चालू होते त्याच्यावर हाय.” मला तर हे उत्तर कोणत्याही परराष्ट्रमंत्र्याच्या पत्रकार परिषदेपेक्षा सरळ वाटलं.

दक्षिणेची सीमा आणखी बोधप्रद. अर्जुनी मोरगाव तालुका जिथे संपतो तिथे गडचिरोली जिल्हा लागतो, आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्याकडे नाही. आर्थिक निर्बंध लादल्याने माल नाहीसा होतो की नुसता महाग होतो, यावर जगभर ग्रंथ निघाले आहेत. क्युबा, इराण, उत्तर कोरिया अशी उदाहरणं देतात. एवढ्या लांब जायची गरज नव्हती. सीमेलगतच्या आमच्या गावांत या विषयाचे अनुभवी जाणकार सहज भेटतात. मुलाखत मात्र सायंकाळी सातच्या आत घ्यावी लागते.

आता जागतिक व्यापार. गोंदियाला धानाच्या गिरण्या इतक्या, की शहराची ओळखच तांदळाची. २० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बासमती सोडून बाकी पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. पाऊस दगा देईल आणि भाव भडकतील अशी धास्ती होती. पुढच्याच महिन्यात उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क बसलं. जगात जेवढा तांदूळ देशोदेशी विकला जातो त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास एकटा भारत विकत होता, त्यामुळे आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत सगळ्यांच्या पातेल्याची चिंता एकदम वाढली. आम्हाला हे दूरदर्शनवर कळलं. राइस मिलच्या मुनीमजींना ते आधीच कळलं होतं. पुतणीने त्यांना सहज विचारलं की भारताचा साधा तांदूळ जातो कुठे, तर मुनीमजी हिशेबाची वही न मिटताच म्हणाले, “बेनिन, टोगो, सेनेगल. बेनिनमधून पुढं नायजेरियात जाते बाई, मागच्या दारानं.” पोरीने पेन खाली ठेवला. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना बेनिन नकाशावर दाखवता येत नाही, आणि इथे मुनीमजी त्याच्या मागच्या दाराची बातमी देत होते. बंदी उठली सप्टेंबर २०२४ मध्ये. तोवर मुनीमजींचा भूगोल आणखी पक्का झाला होता.

पुतणीच्या पाठ्यक्रमात एक प्रकरण कौटिल्याचंही आहे, आणि ते बरं केलं. शेजारी तो शत्रू, शेजाऱ्याचा शेजारी तो मित्र, असं त्याचं मंडल. आम्ही रात्री जेवणं झाल्यावर ते लावून पाहिलं. शेजारी भंडारा. १९९९ च्या वाटणीनंतर कोणती कचेरी कुणाकडे यावरून कुरबुरी झाल्याच, म्हणजे शत्रू. त्याच्या पलीकडे नागपूर. दवाखाना नागपूरला, हायकोर्टाचं खंडपीठ नागपूरला, विद्यापीठ नागपूरचं, लग्नाचा बस्ता नागपूरला, म्हणजे मित्र. इथवर चाणक्य अगदी नेमका. पण उत्तरेला बालाघाट आलं आणि मंडल फिस्कटलं. वैनगंगेच्या पलीकडे मध्य प्रदेश, म्हणजे शेजारी, म्हणजे शत्रू. पण आमच्या वहिनींचं माहेर बालाघाटचं. पलीकडे पवारी बोलतात, अलीकडेही बोलतात. नदीच्या दोन्ही काठांवरून मुली दिल्या-घेतल्या गेल्या आहेत. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “कोन शत्रू?” चर्चा तिथेच स्थगित झाली. बांधीत उतरणारे सारसही दोन्ही काठांवर चरतात, दोन राज्यांतले पक्षिमित्र दरवर्षी त्यांची मोजणी करतात, आणि त्या पक्ष्यांनी आजवर कुठल्या राज्याचं रहिवासी प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

कौटिल्याला न सुचलेली एक गोष्टही आमच्या तालुक्यात घडली. २०२२ च्या डिसेंबरात तिकडे बेळगाव आणि जतवरून दोन राज्यांत जुंपली होती. तेव्हाच इकडे आमगावच्या आठ गावांतून मागणी निघाली की आम्हाला मध्य प्रदेशात जाऊ द्या. गावं नगरपरिषदेत घातली, नगरपरिषदेचा वाद कोर्टात अडकला, मग ना धड ग्रामपंचायतीच्या योजना ना नगरपरिषदेच्या. सार्वभौमत्व, स्वयंनिर्णय, प्रादेशिक अखंडता असे पुतणीचे तीन धडे एका घरकुलाच्या यादीत मावले. आजोबा तेव्हा हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, “आत्ताच तं तिथून आलो.”

या सगळ्यात तिच्या विषयाच्या अगदी गाभ्याला हात घालणारी जागा मात्र सर्वांत शेवटी पाहिली गेली, कारण ती आम्हाला इतकी ओळखीची की परदेश वाटतच नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराविषयी करार झाला. पंचशील म्हणून जी पाच तत्त्वं आपण शाळेत घोकली ती त्याच कराराच्या प्रास्ताविकात. पाच वर्षांत, १९५९ च्या मार्चमध्ये, दलाई लामांना ल्हासा सोडावं लागलं. पाठोपाठ हजारो माणसं हिमालय उतरली, आणि त्यातली काही कुटुंबं उतरत उतरत थेट आमच्या धानाच्या बांधीपर्यंत आली. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, तरी जमीन दिली. पुतणीच्या पुस्तकात यावर ‘विसंगती’ असा शेरा आहे. गोठणगावच्या बाजारात ती विसंगती कुणाला दिसत नाही.

पुतणी तिथे मोठी प्रश्नावली घेऊन गेली होती. निर्वासनाची जाणीव, मायदेशाची प्रतिमा, ओळखीचा पेच, असे प्रश्न. ओसरीवर एक तिबेटी मावशी भेटली. तिने पोरीला बसवलं, पाणी दिलं, आणि पहिला प्रश्न तिनेच केला, “तुमच्याकडे तुडतुडा लागला का जी यंदा?” मग पाऊण तास कोणतं औषध फवारलं, बोनस जमा झाला का, हार्वेस्टरवाला एकराला किती घेतो, हे झालं. मुलगा हिवाळ्यात स्वेटर विकायला कुठल्याशा मोठ्या शहरात जाणार होता. शेती आणि स्वेटर, म्हणजे इथेही जॉइंट ऑनर्स. उठताना पुतणीने हळूच विचारलं, परत जावंसं वाटतं का? मावशी जरा थांबली. म्हणाली, “माझा जन्म इथलाच. आईले वाटत होतं.” पुतणीने प्रश्नावली पुन्हा काढली नाही.

या वसाहतीची एक गंमत सांगायलाच हवी. धर्मशाळेतल्या तिबेटी प्रशासनाच्या लेखी ही वसाहत अजून ‘भंडारा’ याच नावाने ओळखली जाते. जिल्हा फुटून पाव शतक उलटलं. महाराष्ट्र सरकारने, केंद्र सरकारने, रेल्वेने, टपाल खात्याने गोंदिया जिल्ह्याला मान्यता दिली. परागंदा प्रशासनाची ती अद्याप यायची आहे. राज्यमान्यता म्हणजे काय, हे प्रकरण पुतणीला त्या दिवशी एकदाच आणि कायमचं समजलं.

सुट्टी संपता संपता तिने प्रात्यक्षिक करायचं ठरवलं. आमच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, आणि शेजारच्या पाटलांचा धुरा एकच. तो कुणाचा, हा वाद बांगलादेशापेक्षा जुना. धुऱ्यावर आम्ही तूर लावतो, ती ते उपटतात. ते लावतात, ती आमच्या म्हशी खातात. म्हशींना आम्ही तसं शिकवलेलं नाही. पुतणीने दोन्ही पक्षांना चिंचेखाली बोलावलं. खुर्च्या समान उंचीच्या, चहा एकाच किटलीतला. तिने कोरियातल्या निर्लष्करी पट्ट्याचा दाखला देऊन प्रस्ताव मांडला, की धुऱ्याच्या मधोमध तीन हात जागा कुणाचीच नाही असं मानायचं आणि तिथे कुणीही काही लावायचं नाही.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पाटील मोठ्या बाबांकडे वळले. किती वर्षांनी वळले ते मोजायला तलाठ्याकडे जावं लागेल. म्हणाले, “तीन हात जागा पडीक?”

मोठे बाबा म्हणाले, “तेच म्हंतो भाऊ. येळी झाली का पोट्टी?”

“तुरीचा भाव का हाय यंदा, मालूम हाय का इले?”

“शहरात शिकून रायली नं.”

दोघे बोलत बोलत धुऱ्याकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत ठरलं की एक ओळ त्यांची, एक ओळ आमची, आणि पोरीला पुढल्या सुट्टीत शेताकडे फिरकू द्यायचं नाही. दुसऱ्या कलमावर तर दोन्ही पक्षांनी तिसऱ्या पक्षाची हमी मागितली, आणि ती वहिनींनी दिली.

पुतणीने अहवालात ‘मध्यस्थी यशस्वी’ असं लिहिलं. सरांनी त्यावर दहापैकी पाच गुण दिले. उरलेले पाच अर्थशास्त्राच्या सरांकडे आहेत, आणि तुरीच्या एका ओळीचं उत्पन्न किती धरलं ते कळल्याशिवाय ते सोडायला तयार नाहीत.